हजेरीपटावरचा भाऊ

कडूबानं टोपीच्या आत घडी करून ठेवलेला अर्ज काढला, घामानं ओला झालेला कोपरा धोतरावर दाबून वाळवला आणि मग कुठं जालन्याच्या मस्तगडातल्या त्या घराची कडी वाजवली. दार प्रोफेसर भालचंद्ररावांच्या विधवा बहिणीनं, ताराबाईंनी उघडलं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोण कुठले काहीएक विचारलं नाही, आणि बैठकीकडं बोट केलं. पाठोपाठ पाण्याचा तांब्या आला.

“परवा पाण्याला नको म्हणालात. आज तरी घ्या. एवढ्या उन्हातून येता.”

कडूबा या घराची पायरी जन्मात पहिल्यांदा चढत होता. पण मोठ्या घरच्या बाईमाणसाला चूक कशी काढून दाखवायची? त्यानं तांब्या घेतला आणि घटाघटा रिकामा केला. ताराबाईंनी त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना शेवटपर्यंत पाहिली. मग पदर सावरून त्या आत गेल्या, जाताना मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

निजामाच्या राज्यात, औरंगाबादेच्या कॉलेजात तेव्हा पंचवीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागं एक अतालिक नेमलेला असे. अतालिक म्हणजे शिकवणारा खरा, पण शिकवण्यापेक्षा सल्ला देणारा. कुणाला कोणता विषय झेपेल, कुणी काय सोडावं, कुणाचं घरी कळवावं, हे सगळं त्याच्या हातात. विषय बदलायचा तर अर्जावर त्याची सही पाहिजे. दिवाळीची सुट्टी सोमवारी संपत होती. सोमवारी सहीचा अर्ज दिला तर सायन्स सोडून इतिहास घेता येणार होता. न दिला तर नाव सायन्सातच राहणार, आणि रसायनाच्या प्रयोगशाळेत दोन महिने पाऊल न टाकलेल्या विद्यार्थ्याचं नाव कॉलेज किती दिवस ठेवणार, हे कडूबाला पक्कं ठाऊक होतं. हे दोन महिने त्यानं वाचनालयात दक्षिणेतल्या सुलतानांच्या लढाया वाचण्यात घालवले होते. सहामाहीला रसायनाचा पेपर होता, त्या दिवशी तर तो कॉलेजामागच्या लिंबाखाली बसून होता. आपल्या अतालिकाला, म्हणजे याच भालचंद्ररावांना, तो भेटला होता एकदाच, नाव लिहून घेतलं तेव्हा. नंतर भीतीपायी त्यांच्या सावलीलाही उभा राहिला नव्हता.

“ये भुजंग,” भालचंद्रराव जाड भिंगांचा चष्मा लावत म्हणाले.

कॉलेजात त्याला भुजंगच म्हणत. कागदोपत्री नाव ते. कडूबा हे घरचं.

“दाढी करून आलास, छान केलंस. परवा चांगला सव्वीस वर्षांचा दिसत होतास.”

कडूबाला अजून धड मिसरूड नव्हतं. त्यानं गालावरून हात फिरवला आणि अर्ज पुढं केला. भालचंद्ररावांनी तो वाचला, घडी केली, आणि मांडीखाली ठेवून दिला. एखाद्यानं खाली पडलेला अडकित्ता सहज उचलून ठेवावा तसा.

“म्हणजे आणलासच.”

“जी?”

“गुरुवारी तू इथंच बसून काय म्हणालास? ‘साहेब, दोन दिवसांनी मी सही मागायला येईन. रडेन, पाया पडेन. काही झालं तरी सही देऊ नका.’ माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं स्वतःच्या विरुद्ध शिफारस घेऊन आलेला पोरगा मी पाहिला नव्हता.”

गुरुवारी कडूबा आपल्या गावी, मंठ्याच्याही पुढं चार कोस, आईबरोबर कापूस वेचत होता. संध्याकाळी त्याच्या बोटांना बोंडांची टोकं लागून रक्त आलेलं अजून दिसत होतं. त्यानं हात मांडीवर उपडे घातले.

भालचंद्रराव बोलत राहिले, खुशीत होते. रसायनाचे प्रोफेसर या पोरावर फार प्रसन्न. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी हजर, जाताना सगळ्यांत शेवटी. बोलत नाही, कुणाच्या आल्यागेल्यात नाही. काचेच्या नळ्या अशा धरतो की जशा चिमणीची पिलं. दर पंधरवड्याला तो न चुकता अतालिकाकडं येई आणि पुढं काय वाचू, एवढंच विचारी. सहामाहीला रसायनात वर्गात पहिला आला होता.

“इतरांना दाखवायला म्हणून तुझी वहीच मागून आणली मी,” असं म्हणून त्यांनी कोनाड्यातली प्रयोगाची वही काढून त्याच्यासमोर टाकली.

कडूबानं वही उघडली. आकृत्या मोजून काढाव्या तशा. आत सगळं उर्दूत, मुद्देसूद, एक खाडाखोड नाही. वरच्या पुठ्ठ्यावर मात्र नाव मराठीत होतं, आणि ते अक्षर या वहीतलं वाटत नव्हतं. मोठं, गरगरीत, दाबून काढलेलं. पहिलीतलं लेकरू जीभ बाहेर काढून पाटीवर गिरवतं तसं. त्यानं अक्षरावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. पाटीवरच्या लेखणीची.

त्यानं ते बोट बराच वेळ तसंच वर धरलं. धोतराला पुसायचं धैर्य होईना.

“साहेब, हा मी न्हाई.”

“म्हणजे?”

“म्या दोन महिने तिकडं गेलोच न्हाई. पेपरालाबी न्हाई.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “भुजंग माझा भाऊ. थोरला. मानमोडीच्या साथीत गेला. मी तवा जन्मलोबी नव्हतो.”

भालचंद्ररावांनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. आणि कडूबानं जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

भुजंग सात वर्षांचा होता, पहिलीत. तापानं फणफणला तेव्हा जालन्यापर्यंत डॉक्टर नव्हता, म्हणून आई, सगुणाबाई, त्याला गाडीत घालून निघाली. वाटेतच पोर गार झालं. गाडी माघारी फिरवली. पुढच्या साली कडूबा झाला, आणि काळाची दृष्ट पडू नये म्हणून त्याचं नाव असं कडू ठेवलं की मरणानंही तोंडात घालून थुंकून टाकावं. पण आईनं त्याच दिवशी ठरवलं होतं, हे पोर डॉक्टर करायचं.

नाव बदललं ते असं. गावच्या शाळेत पंचवीस पोरं पटावर नसली की शाळा बंद होत असे. मानमोडीनं आधीच पट पार खाली आणलेला. तेव्हा केशव गुरुजींनी भुजंगचं नाव काढलंच नाही. वर कळवलं नाही, पटावर रेघ मारली नाही. रोज सकाळी नाव पुकारलं जाई आणि रोज गुरुजी स्वतःच खाली मान घालून ‘हजर’ म्हणत, आणि लिहीत. तपासनीस आला की, आत्ताच पाणी प्यायला गेला, असं सांगत. एक नाही, दोन नाही, सात वर्षं. मग सहा वर्षांचा कडूबा शाळेत आला. पटावरची एक जागा आयती तयार होती, तिच्यावर त्याला बसवला. नवा दाखला नको, नवं नाव नको. मॅट्रिकही त्याच नावावर झालं. कागदावर तो आज सव्वीस वर्षांचा होता.

“गुरुजी म्हातारपणी मला म्हणाले होते,” कडूबा सांगत होता, “की नाव पुकारल्यावर एकदा त्यांच्याआधीच कुणीतरी ‘हजर’ म्हणलं. मागच्या कोपऱ्यातून. त्यांला वाटलं, पोरांनी चेष्टा केली.”

“कितव्या वर्षी?”

“तिसऱ्या.”

आत ताराबाईंच्या हातून काहीतरी पडलं, पितळेचं, आणि बराच वेळ घुमत राहिलं. भालचंद्रराव ते थांबेपर्यंत थांबले.

आता एखादा असता तर त्यानं पोराला वेडा ठरवलं असतं, नाहीतर देवऋषी बोलावला असता. भालचंद्रराव अतालिक होते. समोर आलेल्या पोराचं काय करायचं एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी मांडीखालचा अर्ज काढून मध्ये ठेवला.

“सही केली तर तुझं सायन्स सुटेल. त्याचंही सुटेल.”

“जी.”

“नाही केली तर तू डॉक्टर होशील. तुला काही करावंही लागणार नाही. तो करतो आहे. तुझ्या आईच्या मनासारखं होईल.”

ही गोष्ट कडूबाच्या मनात आलीच नव्हती, असं नाही. वही उघडल्यापासून ती तिथंच, अर्जाशेजारी, येऊन बसली होती. गावात बैलगाडीतून उतरणारा डॉक्टर त्याला दिसला. ओट्यावर लोक ताटकळलेले. आईच्या अंगावर नवं लुगडं. आयतं. फक्त हा अर्ज फाडायचा.

त्यानं बोटावरची पांढरी भुकटी अंगठ्यानं चाचपली.

“साहेब, उद्या एखाद्या लेकराचा दंड माझ्या हातात असंल. सुई टोचायची असंल. त्या दिवशी तो न्हाई आला तर?”

भालचंद्ररावांनी मान हलवली आणि कोरा कागद घेतला.

“मग तिसरा रस्ता आहे. लांबचा आहे. हे नाव तू सोड. तुझ्या खऱ्या नावानं नवा दाखला काढ. मंठ्याच्या तहसिलीत दोन साक्षीदार लागतील. मॅट्रिकला बाहेरून बस. अभ्यास झालेलाच आहे, एक वर्ष पुरे. मग पुन्हा आमच्याकडं ये, इतिहास घेऊन. दोन वर्षं मागं पडशील.”

“सात वर्षं पुढं हाये कागदावर,” कडूबा म्हणाला. “दोन गेली तर काय झालं.”

नव्या दाखल्याचा अर्ज लिहायला कडूबा बसला तेव्हा हात नावावर अडला. एवढी बारा-तेरा वर्षं शाळेत काढली, पण स्वतःचं नाव त्यानं शाईनं कधी लिहिलंच नव्हतं. पहिल्यांदा सवयीनं भुजंग लिहिलं गेलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या कागदावर भालचंद्रराव शेजारी येऊन बसले आणि लेकराला बोलावं तसं एकेक अक्षर बोलत गेले. क. डू. बा.

“आणि कॉलेजच्या पटावरचं भुजंगचं नाव?” त्यांनी विचारलं. “सोमवारी कापायला सांगू?”

कडूबा दारात पोचला होता. त्यानं वाहणा पायात घालता घालता मागं न बघता सांगितलं.

“नका कापू. एकदा वाटंतून माघारी फिरवलाय त्याला.”

भालचंद्ररावांनी जुना अर्ज न फाडता वहीत घातला आणि वही कोनाड्यात ठेवली. त्यांनी काय करायचं ठरवलं, ते कुणालाच बोलून दाखवलं नाही. सोमवारी औरंगाबादेच्या गाडीला मात्र ते पहिल्याच डब्यात होते, असं ताराबाई पुढं सांगत.

दुसऱ्या दिवशी मोटारीनं मंठ्याला उतरून कडूबा चार कोस चालत घरी आला, तो ऊन डोक्यावर आलं होतं. सगुणाबाई ओसरीत बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फुटका दाणा टोपल्यात, अखंड दाणा सुपात. वाटेनं त्यानं मनात शंभर वाक्यं जुळवून आणली होती. डॉक्टर होणं नशिबात न्हाई. साहेब म्हणले असं. दोन सालं लागतील. आई, तू रागवू नको. आईसमोर उकिडवा बसला आणि त्यातलं एकही आठवेना.

“आई, मी कॉलेज सोडलं.”

शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

“मंग डॉक्टर?”

“भुजंग व्हनार हाये. तो शिकून राह्यलाय तिथं. पहिला आलाय.”

सगुणाबाईचा हात थांबला. एकोणीस वर्षांत हे नाव त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आता ती छाती पिटणार, आता आपल्याला काहीतरी झालं म्हणून शेजारणीला हाक मारणार, असं वाटून कडूबानं तिचं मनगट धरलं. तिनं ते हळूच सोडवून घेतलं, सुपातले अखंड दाणे एकदा तळहातानं सारखे केले आणि त्याच्याकडं पाहिलं.

“जेवतो का रं बराबर तिथं?”

कडूबानं तोंड उघडलं. साहेबांना तो सगळं विचारून आला होता. हे तेवढं विचारायचं राहिलं होतं.