मिठाचं पाणी आणि नागूआबांचा गुडघा

मी सेल बोलतोय. टीव्हीच्या रिमोटमधला बारका सेल नव्हे, आणि कपड्यांच्या दुकानाबाहेर पाटीवर लिहिलेला असतो तोही नव्हे. मी स्विमिंग पूलचा सेल. हातभर लांबीची पारदर्शक नळी, तिच्या पोटात टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या आणि बाहेर आलेली एक जाड वायर, एवढाच माझा देह.

काम मात्र मोठं. पूलच्या पाण्यात थोडं मीठ घालायचं, ते पाणी पंपाने माझ्यातून फिरवायचं आणि मला वीज द्यायची. मग मी त्या मिठापासून क्लोरीन तयार करतो. तो शेवाळ मारतो, जंतू मारतो, आणि काम आटोपलं की पुन्हा मीठ होऊन माझ्याच दारात येतो.

कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फार्महाऊस आहे. ते हर्षला चालवते. तिचा नवरा सुनील खोपोलीच्या एका कंपनीत पाळीवर जातो, त्यामुळे पाहुण्यांचं जेवणखाण, खोल्या, पूल, सगळं तिच्याच अंगावर. मी येण्यापूर्वी ती पूलमध्ये क्लोरीनची पावडर मगाने टाकायची. पाहुण्यांचे डोळे लाल व्हायचे आणि हिच्या बोटांची सालं निघायची. शेवटी तिने सुनीलला सांगितलं, "एक तर ती मिठाची मशीन आन, नाय तर पूल तू सांभाळ." दुसऱ्याच आठवड्यात मी आलो.

मला बसवलं ऋतिकने. कर्जत-खालापूरच्या बंगल्यांचे पूल बघत स्कूटरवर हिंडणारा हा खोपोलीचा मेकॅनिक. तो मिठाच्या गोण्या पाण्यात रिकाम्या करत होता, तेव्हा सुनीलचे वडील, नागूआबा, काठी टेकत आले. पूल झाला ती जागा म्हणजे त्यांचं भाताचं खाचर. गोण्या बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरं, खारं पानी शेतात शिरू नये म्हनून लोक बांध घालतात. आन आमी? आमी मीठ इकत आनून खाचरात ओततो!"

हर्षला म्हणाली, "आबा, आता हितं भात नाय पिकत."

"तर काय मासळी पिकवतीस?"

अशी माझी आणि आबांची पहिली ओळख, तीही भिंतीआडून, नुसत्या आवाजाची.

पंपाच्या खोलीत, भिंतीला लागून पाइपात माझा संसार सुरू झाला. मला पूल दिसत नसे. भिंतीला जाळी होती, तिच्यातून आवाज तेवढे यायचे, आणि माणसं मला कळायची ती पाण्यातून. शनिवारी मुंबईचे पाहुणे उतरले की पाण्यात उन्हाच्या क्रीमचा थर यायचा. कॉलेजची पोरं आली की केसांची जेल. लहान मुलं आली की काय यायचं ते मी सांगणार नाही. चारचौघांत बोलायचं नसतं. पाहुणे गेले की सोमवारी हर्षला माझा जोर वाढवून ठेवायची आणि मी मुकाट्याने सगळं निस्तरायचो. मजेचे दिवस होते.

मग आबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पनवेलला. घरी आल्यावर व्यायाम करायचा होता, पण आबा ऐकतील तर ना! गुडघा वाकवला की कळ यायची. कळ आली की ते डॉक्टरला, सुनीलला आणि कधीकधी सरकारलाही शिव्या द्यायचे. गुडघा आखडत चालला. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात पूल आहे ना? मग पाण्यात चालवा यांना. पाण्यात भार कमी पडतो."

आबा म्हणाले, "मी काय म्हस हाय डुंबाया?"

इथे प्रिया पुढे आली. प्रिया म्हणजे हर्षलाची लेक, आबांची लाडकी नात. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि पंचक्रोशीतली कुठलीही हळद असो, पहिला नाच नागूआबांचा, हे ठरलेलं. प्रिया त्यांच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "आबा, माज्या हळदीला तुमी खुर्चीत बसून टाळ्या वाजवनार असाल, तर मी पाटावर बसनारच नाय. नवऱ्यामुलाला सांगा, परत जा."

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हाफ पँट शिवून घ्या."

दुसऱ्या दिवशी माझ्यातून जे पाणी आलं त्याला निलगिरीच्या तेलाचा वास होता. मी ओळखलं, आबा उतरले! पाहुणे नसतील त्या दिवशी रोज सकाळी ते पाण्यात चालायला लागले. हर्षला बाहेरून, वाकून एका हाताने त्यांचा दंड धरून काठाकाठाने चालायची. जाळीतून मला दोघांचं ऐकू यायचं.

"आबा, पाय ओढू नका, उचला."

"उचलतोय की! तू मला चालवतीस का नांगराला जुपतीस?"

"तुमीच मला सांगितलं व्हतं, बैल थांबला की त्याला हाक मारावी."

यावर आबा इतके हसले की पाणी हिंदकळून माझ्यापर्यंत लाट आली. दिवसेंदिवस गुडघा सुटत गेला. वॉकर गेला, काठी आली. एकदा तर त्यांनी पाण्यातच दोन ठेके धरून बघितले. मला वाटलं, या पाण्याला आता खरा अर्थ आला.

आणि नेमका तेव्हाच मी आजारी पडलो.

माझं आयुष्य म्हणजे पट्ट्यांवरचा मौल्यवान धातूचा पातळ मुलामा. इथलं बोअरचं पाणी जड. त्यातला चुना पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तो काढायला ऋतिक मला पाण्यात कालवलेल्या ॲसिडने धुवायचा. थर निघायचा, पण प्रत्येक वेळी मुलाम्याचाही एक पदर जायचा. शेवटी अंगात ताकद उरली नाही. वीज येत होती, पाणी येत होतं, क्लोरीन मात्र होईना. भिंतीवरच्या मशीनने एक लाल दिवा लावला: मीठ कमी.

मीठ कमी नव्हतं हो! मीच कमी झालो होतो. पण मशीनला एवढंच बोलता येतं. सुनीलने दिवा बघितला आणि एक गोण ओतली. दिवा तसाच. मग दुसरी. मग तिसरी. हर्षला म्हणाली, "अरं, पानी जिभंला लावून बघ. समुद्र झालाय."

सुनील म्हणाला, "मशीनला तुज्यापेक्षा जास्त कळतं."

आठवडाभरात पाण्याला हिरवी झाक आली. पायऱ्या बुळबुळीत झाल्या. एका सकाळी आबांचा पाय पहिल्याच पायरीवरून सटकला. हर्षलाने दोन्ही हातांनी त्यांना मागून धरलं, म्हणून वाचले. दोघंही तिथेच खाली बसले. मग हर्षलाचा आवाज आला, रडवेला. "आबा, आता उतरायचं नाय. गुडघा परत मोडला तर मी काय करू?"

आबा काही बोलले नाहीत. त्या घरात आबा बोलले नाहीत, ही सगळ्यात वाईट बातमी होती.

पाणी बंद, चालणं बंद. गुडघा पुन्हा आखडला, कोपऱ्यातला वॉकर परत निघाला. हळद तोंडावर आलेली. सुनील म्हणाला, "पूल झाकून टाकू. त्याच्यावरच मांडव घालू."

हर्षलाने हातातलं भांडं जोरात ठेवलं, ते मला जाळीतून ऐकू आलं. "मांडवाला अंगन हाय, मळा हाय. आबांनी चालायचं कुठं, ते सांग."

ऋतिकला बोलावलं. त्याने आधी मला पुन्हा ॲसिडमध्ये धुतलं. होता नव्हता तो मुलामाही गेला. ऋतिकचा यात दोष नाही. आजारी दिसला की आंघोळ घाला, हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. दोन दिवसांनी पाणी अजून हिरवं बघून तो डोकं खाजवत बसला. मग त्याला एक युक्ती सुचली. दहिवलीच्या एका बंद बंगल्यात माझ्याच जातीचा सेल होता. मालकाला फोन करून त्याने तो दोन दिवसांसाठी मागून आणला, मला काढलं आणि त्याला माझ्या जागी बसवलं. मला बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं.

तेव्हा मी पहिल्यांदा पूल पाहिला. खरं सांगू? आवाजावरून मला तो समुद्राएवढा वाटायचा. हा तर एवढासा! आणि हर्षला. जिच्या बोलण्यावर मी इतकी वर्षं दिवस मोजले, ती ही सडपातळ, कपाळावर घाम असलेली बाई. आबा व्हरांड्यात वॉकर धरून उभे. सगळे माझ्यासारखेच थोडे झिजलेले.

दुसऱ्या दिवशी ऋतिकने पाणी तपासलं. तपासणीच्या छोट्या नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन तयार होत होता. तो म्हणाला, "वहिनी, मशीन बरोबर हाय. मीठ तर पोत्यानं जास्त हाय. हा सेलच संपलाय. आता धुऊन काय उपेग नाय, नवीन घालावा लागल."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी एकदाचं दुखण्याचं बरोबर नाव घेतलं.

सुनील मान खाली घालून म्हणाला, "मग जास्तीचं खारं पानी मागं सोडून देतो."

वॉकरसकट आबा पुढे आले. "मागं म्हंजे कुठं रं? माज्या ऱ्हायलेल्या खाचरात? मिठाचं पानी शेतात सोडशील तर तुला बी त्याच्यातच उभा करीन!"

घरात पुन्हा आबांचा आवाज घुमला. हर्षला तोंडाला पदर लावून हसली. जास्तीचं पाणी टँकरने काढून नेलं आणि बोअरचं ताजं भरलं. ऋतिकने एकदाच पावडर टाकून शेवाळ मारलं, हर्षलाने काठावर बसून लांब ब्रशने पायऱ्या घासल्या. उसना सेल दहिवलीला परत गेला आणि नवा आला. ऋतिकने मेन स्विच पाडला, पाणी अडवलं, नवी रबरी रिंग घातली, बाणाची दिशा बघून सेल बसवला आणि नट हातानेच आवळले. चकचकीत गडी होता. मी त्याला मनातल्या मनात एवढंच म्हणालो, "बाबा रे, निलगिरीचा वास आला की जरा जास्त काम कर."

पाणी निवळलं. आबा परत उतरले.

हळदीच्या संध्याकाळी बँजो सुरू झाला आणि सगळे थांबले. आबा खुर्चीतून उठले. खोटं बोलणार नाही, गुडघा काही तरण्या पोरासारखा वाकला नाही. कमरेखाली आबा जवळजवळ सरळच उभे होते. पण कमरेच्या वर काय नाचले म्हणता! खांदे, मान, हात, भुवया, सगळं ठेक्यात. एका बाजूने सुनीलने धरलं होतं, दुसऱ्या बाजूने हर्षलाने. पाटावरची प्रिया हसता हसता रडत होती. नंतर हळद माखलेली निम्मी पोरं थेट पूलमध्ये उड्या मारून मोकळी झाली. नव्या गड्याची पहिलीच परीक्षा, बिचारा रात्रभर राबला.

आता थोडं माझं. कट्ट्यावर पडून मी वाट बघतोय ऋतिकची. तो मला खोपोलीच्या भंगारवाल्याकडे देणार आहे. टायटॅनियम वितळवतात म्हणे, पुढे कशाचं काय होईल कोण जाणे. माझं तुमच्याकडे मागणं साधं आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर दिवा लागला म्हणून लगेच मीठ ओतू नका, आधी पाणी तपासा. उठसूट ॲसिडने घासू नका. आणि आमचे दिवस भरले की भरले म्हणा. आम्ही रागावत नाही.

पण जाण्याआधी आज सकाळचं सांगतो. लग्न पार पडलं, प्रिया सासरी गेली, घर गप्प झालं. हर्षला लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची झेंडूची फुलं काढत होती. आबा चालणं संपवून कठडा धरत बाहेर आले, पंच्याने अंग पुसलं आणि म्हणाले, "आता तू उतर."

"मी? मला काय झालंय? माजे गुडघे चांगले हायत."

"म्हनून तर म्हनतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या पाण्यात शेकडो माणसं येऊन गेली. हर्षलाचे हात मला ठाऊक होते, रोज पाणी ढवळणारे. तिचे पाय कधीच आले नव्हते.

"कोन बघंल, आबा."

"कोन बघतंय? पावने नायत. सुनील पाळीवर." आबांनी खुर्ची उचलली, पूलकडे पाठ करून रस्त्याच्या बाजूला वळवली आणि बसले. "मी हितं बसतो. कोन आलं तर खाकरतो."

हर्षलाने एकदा रस्त्याकडे बघितलं. मग तिने जाळी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरली. पोटऱ्या, गुडघे, कंबर. साडी पाण्यावर फुगली, ती तिने दाबून धरली. मग डोळे मिटून ती गळ्यापर्यंत खाली बसली.

एवढ्यात आबा खाकरले. हर्षला घाबरून डोक्यासकट पाण्यात गेली आणि नाकातोंडात पाणी जाऊन वर आली. "कोन आलं? कोन आलं?"

"कोन नाय गं. सुपारी आडकली."

ती हसली. असं हसणं मी जाळीतून कधी ऐकलं नव्हतं. आबांनी मात्र मान वळवली नाही. राजमाचीच्या डोंगराकडे बघत ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

फाटकाशी स्कूटर वाजली. ऋतिक आला वाटतं. आबा आता खरोखरच खाकरताहेत, आणि हर्षला काही बाहेर यायचं नाव घेत नाही. "त्याला म्हनावं, थांब जरा," ती पाण्यातूनच ओरडते आहे.

थांबू दे त्याला. मलाही घाई नाही.