मोड नसलेली चमकी

साळूबाईच्या नाकात सहा वर्षं कडुलिंबाची काडी होती. भोक बुजू नये म्हणून खोचलेली. एक झिजली की ती दुसरी खोचायची. नवऱ्याला, गोरक्षला, ती रोज दिसायची आणि रोज टोचायची. तिची चमकी त्यानेच मोडली होती, लेकीच्या, निकिताच्या, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. त्याआधीची टेम्पोचं इंजिन बसलं तेव्हा गेली होती. दोन्ही वेळा साळूबाईने मुकाट्याने चमकी काढून त्याच्या हातावर ठेवली. बाईने एकदा तरी भांडायला हवं होतं, म्हणजे गड्याचा जीव तेवढाच हलका झाला असता!

आता निकिता नोकरीला लागली होती आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. शिर्डीला गुलाब उतरवून गोरक्ष मोकळा टेम्पो घेऊन घरी आला, साळूबाईला शेजारी बसवलं आणि थेट कोपरगावच्या पेठेत अजिनाथ सोनारांकडे घेऊन गेला. ह्या वेळी चमकी हिऱ्याची, हे त्याने पक्कं केलं होतं.

अजिनाथशेठनी दोन चमक्या पुढ्यात ठेवल्या. खडा सारखाच, लखलखाटही सारखाच. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

"ह्यो खाणीतला, आन ह्यो लॅबमधला," शेठ म्हणाले.

"म्हंजी अमेरिकन डायमंड? खोटा?" गोरक्षने विचारलं.

"न्हाई हो गोरक्षभाऊ. अमेरिकन डायमंड हिराच नसतो. ह्यो खरा हिरा हाय, फकस्त भुईऐवजी मशिनीत वाढलाय. तुमी पॉलिहाऊसचे गुलाब नेता, ते काय कागदाचे असत्यात? सर्टिफिकेटवर लॅबचा हाय असं लिवलेलं पायजे, तेवढं बघून घ्यायचं."

गोरक्षला पटलं. पण सवयीने त्याच्या तोंडून जुनाच प्रश्न निघाला. "आन मोड किती येईल?" अडीनडीला विकलं तर हातात काय पडेल, हे विचारल्याशिवाय त्याने आजवर गुंजभर सोनंही घेतलं नव्हतं.

शेठ म्हणाले, "खोटं न्हाई बोलनार. खाणीतल्याला घट बसते, पर कायतरी येतं. लॅबच्या खड्याचं काय धरूनच चालू नका."

गोरक्षचं तोंड उतरलं. खाणीतला तर त्याच्या आवाक्याबाहेरचाच होता. "मग साधी सोन्याचीच दाखवा."

साळूबाई पुढे सरकली. "शेठ, म्हंजी ही चमकी इकाया आनली, तर तुमी घेनार न्हाई?"

"घेऊन काय करू, वहिनी?"

"मग हीच द्या."

तिच्या आवाजात टोमणा असता तर गोरक्षने तो मुकाट सोसला असता. पण टोमणा नव्हताच. नुसता आनंद होता. कितीतरी वर्षांनी आपल्याकडेच राहील असं काहीतरी तिला सापडलं होतं. तिने काडी काढली, चमकी घातली आणि आरशात नाक इकडून तिकडून न्याहाळलं.

"कशी दिसती वो?"

"लई ग्वाड," तो म्हणाला, आणि सोनारासमोर बोललो म्हणून लाजला.

टेम्पोत बसल्यावर साळूबाईने मूठ उघडली. तळव्यावर ती काडी होती.

"अवो, ही ऱ्हाऊ द्यायची का जपून?"

गोरक्षने काडी उचलली, काच खाली केली आणि ती लांब भिरकावून दिली.