दुबळ्या पायाला जास्तीचं तेल

मी एका जुन्या मोटारसायकलचा पुढचा डावा शॉकअप आहे, मित्रांनो. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन चकचकीत नळ्या असतात ना, त्यातला मी एक. दुसरा माझा भाऊ, उजवा. आमच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं. खड्डा आला की आपण दबायचं, पण दणका वरच्या माणसापर्यंत जाऊ द्यायचा नाही, हा आमचा जन्माचा धंदा.

नातेपुत्याजवळच्या वस्तीवर बिरप्पा मेंढपाळाच्या घरी आम्ही आलो, तेव्हा त्याची आई गोजाबाई भीतभीतच मागं बसली. उतरली आणि म्हणाली, "पाण्यावरनं गेल्यावानी वाटलं की रं!" अहाहा! आम्ही दोघं भाऊ नुसते फुगलो. तेव्हापासून बाजार असो की दवाखाना, म्हातारी आमच्यावरच. मांडीवर एखादं कोकरूही असायचं.

कौतुक झालं, देखभाल मात्र शून्य. चेन सैल झाली की बिरप्पा धावायचा, आमच्याकडं कोण बघतो! वर्षानुवर्षं पोटात तेच काळंकुट्ट तेल. शेवटी उजव्याचं तेल अडवणारं रबरी सील फाटलं आणि तेल गळायला लागलं.

बिरप्पानं अंगणातच पाने-पकडी मांडून नवं सील बसवलं. तेल ओतताना मात्र मापावर थांबलाच नाही. त्याची बायको प्रियंका म्हणाली, "आवं, दोन्हीत सारखंच घालायचं असतंय न्हवं?"

तो हसला. "दुबळ्या कोकराला जास्तीचं दूध पाजतोच की आपण! डावा धडधाकट हाय, त्याला कशाला उघडायचं?"

काय म्हणावं याला! कोकराच्या बाबतीत खरं असेल, पण आमच्या पोटात तेलाच्या वर हवेलाही जागा लागते. भावाला गळ्यापर्यंत कोंबलं, माझ्या पोटात जुनाच गाळ. तो दबेना, मी उठेना.

बाजारच्या दिवशी गोजाबाई मागं बसली होती. गतिरोधकावर गाडी आदळली, भावाचं नवं सील निसटलं आणि सगळं तेल पुढच्या ब्रेकवर. तेवढ्यात मेंढरं आडवी आली. बिरप्पानं ब्रेक दाबला, पण तो लागेल तर शपथ! गाडी आडवी झाली. गोजाबाईचं मनगट मोडलं. पडल्या जागेवरून तिनं विचारलं, "पोरा, तुला लागलं का रं?"

बिरप्पाला रडू आवरेना.

मग त्यानं आम्हा दोघांनाही उघडलं, धुतलं, ब्रेक साफ केला आणि मोजून सारखं तेल घातलं. हँडल दाबून बघितलं, तर दोघं एकदम खाली, एकदम वर.

प्लास्टर काढायच्या दिवशी त्यानं गाडी दारात आणली. गोजाबाईनं सीटवर हात ठेवला, आणि मागं घेतला. "न्हाय बाबा. मी येती चालत."

"आई, आता नीट केलीया."

"केली असशील की. माझं काळीज ऐकत न्हाय."

तो गाडी बंदच ठेवून, हातानं ढकलत तिच्या शेजारून चालू लागला. म्हणाला, "दमलीस तर बसशील." चढाला म्हातारीनं हातातली पिशवी तेवढी सीटवर ठेवली. एका पिशवीचं ओझं ते! तरी वाटेतला एकही दणका आम्ही तिला लागू दिला नाही.

मित्रांनो, गळणाऱ्याकडं बघा, पण न गळणाऱ्यालाही उघडून बघा. दोघांना सारखं द्या, आणि वेळेवर द्या. आम्ही बरे होऊन कितीतरी दिवस झाले. गोजाबाई अजून बाजाराला चालतच जाते.