एकोणिसावा फर्मा

बसा हो. त्या कडेला नको, पुठ्ठे ओले आहेत. इथं स्टुलावर बसा. एक गोष्ट सांगतो. माझा जन्म पुस्तकं बांधण्यात गेला, वाचण्यात नाही. चौथीतच शाळेला रामराम ठोकला. पण गोष्ट पुस्तकांचीच आहे.

माझी थोरली बहीण शाळेत भाषा शिकवायची. निवृत्त झाली, दुखण्यानं खाटेला खिळली, तरी दोन कादंबऱ्यांवर लेख लिहीत होती. एक निळी, एक तांबडी. दोन्हींत आई घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघते. ताईचा स्वतःचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी भांडून गेलेला, चिठ्ठी नाही की निरोप नाही. मला काही वेगळं सांगायला लागत नव्हतं.

"खळ्या," ती म्हणायची. माझ्या हाताला कायम खळ, म्हणून हे नाव. "निळीतला लेखक सगळं बोलून टाकतो. मुलगा येतो, आई रडते, शेजारीण रडते. मांजर तेवढं रडायचं राहिलंय."

"आणि तांबडीतला?"

"तो दार उघडं ठेवून उठून जातो. म्हातारी दोन ताटं मांडते, संपलं पुस्तक. मुलगा येणार की नाही, एक अक्षर नाही. दुःख तेच रे, पण एकानं वाढून दिलंय, दुसऱ्यानं झाकून ठेवलंय."

"झाकलेलं गार नाही होत?"

"गाढवा, झाकलेलंच गरम राहतं."

आता ही तांबडी रद्दीतली, शिवण उसवलेली. मीच बांधून दिलेली. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे. प्रत्येकाच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. आकडे लावायचे आणि शिवायचं. आंधळासुद्धा चुकणार नाही म्हणतात. मी चुकलो. एकदा पुस्तकं दाबायचा शिकंजा साफ करताना फळीखालून एक फर्मा निघाला, मीच रद्दी समजून टेकू दिलेला. आकडा एकोणीस. ताईची तांबडी अठरावर संपत होती.

अक्षर अक्षर लावत दोन दिवस वाचला. त्यात कळतं की मुलगा कधीच मेलाय. आणि आईला ते पहिल्या पानापासून ठाऊक आहे.

फर्मा शर्टाच्या आत घालून ताईकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून. ती उशीला टेकून लिहीत होती.

"खळ्या, तांबडी इथंच संपते ना रे? मला मधेच वाटतं, काहीतरी राहिलंय."

पोटावर कागद टोचत होता.

"इथंच संपते."

"नक्की?"

"अगं, मी बांधलीय!"

"म्हणूनच विचारतेय," म्हणाली आणि हसली. पण चेहरा असा सैल झाला तिचा! त्याच दिवशी लेख पुरा केला. नवव्या दिवशी गेली. मुलाला कळवायचं तरी कुठं?

आता तिची एक जुनी विद्यार्थिनी तो लेख छापतेय. तांबडी पुरी वाचलेला कुणीतरी हसणारच, बाईंनी शेवटच वाचला नाही म्हणून. पोरांना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावणारी बाई ती.

तुमचं अक्षर चांगलं आहे. हा घ्या कागद. लेखाखाली टाकायला दोन ओळी लिहून द्या, की चूक बाईंची नाही, बांधणाऱ्याची आहे. माझं नाव घाला. तिच्या लेखातलं मात्र एक अक्षर खोडू नका म्हणावं.