नावाला जागा नसलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं व्हिजिटिंग कार्ड आहे. माझे कोपरे दुमडले आहेत आणि एका बाजूचा रंग पार उडाला आहे. चार वर्षं मी हर्षदा बोरसे नावाच्या बाईच्या मोबाइलमागे, पारदर्शक कव्हरात राहिलो. तिचं नाव मात्र माझ्यावर कुठेही नाही.

माझा जन्म सुरतेत, डिंडोलीतल्या महेशभाईंच्या छोट्या प्रेसमध्ये झाला. हर्षदा मूळची खानदेशातली. साडीच्या ब्लाउजला पाठीमागे दोरी असते ना, तिच्या टोकाला लोंबणारी लटकनं ती घरी बसून करायची. गोंडे तर सगळेच करतात. हिनं साडीच्याच कापडाच्या चिंध्यांतून कपाशीचं बोंड केलं, उमलायच्या बेतात असलेलं, आतून पांढरा धागा डोकावणारं. लहानपणी माहेरच्या शेतात तिनं अशी बोंडं ओंजळीनं वेचली होती. ठेकेदार ती बोंडं घरून न्यायचा आणि बाजारात स्वतःची म्हणून विकायचा. म्हणून तिनं ठरवलं, की आता व्यापाऱ्यांकडे आपणच जायचं, आणि जायचं तर हातात कार्ड हवं.

वहीच्या कागदावर तिनं स्वतःचं नाव नीट लिहून नेलं होतं. महेशभाईंनी विचारलं, नंबर कुणाचा टाकू? नवरा दीपक सोबत होता. त्यानं तो कागद घेतला, नाव खोडलं आणि स्वतःचं नाव नि नंबर लिहिला. बाईच्या नंबरवर कुणीही वेळीअवेळी फोन करील, असं तो म्हणाला. तसा तो वाईट माणूस नव्हता. मिलमधली पाळी करून दमून यायचा, पोरांना जीव लावायचा. घरी सासूनं, सुभद्राबाईंनी, त्याचीच री ओढली. "बाईना नावनं कार्ड कोनी दखेल शे का?" म्हणजे बाईच्या नावाचं कार्ड कधी कुणी पाहिलंय का. काम मिळाल्याशी मतलब, असं हर्षदानं मनाला समजावलं. माझ्यावर छापलं गेलं, 'बोरसे लटकन वर्क, प्रोप्रा. दीपक बोरसे', आणि शेजारी हातभर पिसारा फुलवलेला मोर. गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड म्हणून तिनं मला कव्हरात ठेवलं. बाकीची भावंडं पिशवीत गेली.

पहिल्या दिवशी तिनं रिंगरोडच्या मार्केटात दुकानोदुकानी आम्हाला प्रसादासारखं वाटलं. परतताना त्याच गाळ्यांवरून गेली. एका शेठजींनी माझ्या एका भावाची घडी करून दात कोरायला घेतली होती. दुसरा डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होता. तिसऱ्यावर चहाचा ग्लास होता. ती जिन्यात खाली बसली.

तिथे प्रवीणभाई नावाचे म्हातारे दलाल भेटले. त्यांनी तिच्या पिशवीतलं बोंड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "बेन, कार्ड म्हणजे भिक्षा मागायची थाळी नाही. आधी मालावर बोला. समोरच्यानं मागितलं, की मगच द्या. आणि त्याचं कार्ड घेतल्याशिवाय उठू नका."

हे शब्द तिनं गाठीला बांधले. सुई तापवून ती प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्याला भोक पाडायची आणि त्यात एक छोटं बोंड ओवायची. बोंड लावलेलं कार्ड कोण फेकणार? लोक ते गल्ल्याला टांगू लागले. समोरच्याचं कार्ड ती दोन्ही हातांनी घ्यायची, वाचायची, आणि बाहेर आल्यावर त्याच्या मागे लिहायची, 'यांना बाटलीहिरवा हवा', 'मुलीचं लग्न आहे'. तिसऱ्या दिवशी त्याच हिरव्या रंगाचं लटकन घेऊन ती पुन्हा हजर. मुलीच्या लग्नाची चौकशी करायलाही ती विसरायची नाही. दोन-तीन महिन्यांत फोन खणखणू लागले.

फोन कुणाचा? दीपकचा. कारण नंबर त्याचा होता.

आधी तो फोन तिच्या हातात द्यायचा. मग स्वतःच बोलू लागला. मग त्यानं मिल सोडली. बाप्यामाणसाशी व्यापारी मोकळं बोलतात, असं सांगून बाजारात तोच जाऊ लागला आणि ती घरी सहा बायकांना बोंडं शिकवत बसली. तिसऱ्या वर्षी जुनी कार्डं संपली तेव्हा चकचकीत कागदावर नवी छापायची ठरली. या वेळी माझंही नाव टाका, असं तिनं सांगितलं. दीपकनं कार्ड डोळ्यांसमोर धरून खरोखर जागा शोधली आणि म्हणाला, जागाच नाही गं. मोराला मात्र जागा होती, मित्रांनो. पिसारासुद्धा कापावा लागला नाही.

पुढच्या साली शहरात कापडाचं मोठं प्रदर्शन भरलं. दीपकनं गाळा घेतला. माल मांडायला हर्षदाला नेलं. पुण्याहून स्वाती नावाची एक दुकानदार बाई आली होती. तिच्या हातात आमच्यातलंच एक जुनं कार्ड होतं, बोंडासकट. ते तिला कुणाकडून तरी मिळालं होतं आणि तेवढ्यासाठी तिनं गाळा हुडकला होता. तिनं विचारलं, हे बोंड कुणाला सुचलं?

हर्षदानं तोंड उघडलं होतं. पण दीपक आधी बोलला, "आमचीच डिझाइन आहे मॅडम. ह्या घरच्या. लेबरवर लक्ष ठेवतात."

स्वातीबाईंनी हर्षदाकडे पाहून तिचंही कार्ड मागितलं. हर्षदाचा हात मोबाइलकडे गेला. कव्हरात मी होतो, आणि माझ्यावर दीपकचं नाव. तिनं हात मागे घेतला. दीपकनं चकचकीत कार्ड पुढे केलं, ते पर्समध्ये गेलं आणि बाई पुढच्या गाळ्याकडे वळल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मला माझ्या अक्षरांची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

घरी जेवायला वाढताना तिनं विचारलं, "माझं नाव घेतलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

"धंद्यात एकाचंच नाव चालतं," तो म्हणाला. "तुझं काय आणि माझं काय, एकच आहे ना?"

"एकच आहे, तर मग माझं असू द्या."

त्यानं भाजी मागितली.

आठवड्यानं ती एकटी महेशभाईंकडे गेली. नवी कार्डं छापून आणली. त्यांवर मोर नव्हता. तिचं नाव, तिचा नंबर आणि एक बोंड. घरी आल्यावर तिनं मला कव्हरातून काढून मण्यांच्या डब्याच्या झाकणात टाकलं. मला वाईट वाटलं नाही. माझ्या जागी तिचं नाव असलेलं कार्ड बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मार्केटात गेली. तिथे काय झालं ते मला संध्याकाळी कळलं, ती मणी निवडत कामावरच्या कमलबाईला सांगत होती तेव्हा. ज्या शेठला तिनं बाटलीहिरवा रंग जुळवून दिला होता, ते पहिलं गिऱ्हाईक, त्याच्याकडेच ती आधी गेली. त्यानं नवं कार्ड वाचलं, हसला आणि म्हणाला, "क्यों बेन, घर में झगड़ा हुआ क्या?" आणि तिच्यासमोरच दीपकला फोन लावला. पुढचे दोन गाळेही तसेच. काम बोरसेभाईंचं, मग या बेन कोण? बाजारात तिनंच पेरलेलं नाव आता तिलाच आत येऊ देत नव्हतं.

दीपकनं आरडाओरडा केला नाही. लोकांत शोभा नको, एवढंच म्हणाला. तिनं पुन्हा जाते म्हटलं नाही. कार्डांचा गठ्ठा कोपऱ्यात पडून राहिला. सुभद्राबाईंना काही वाया गेलेलं खपत नाही. त्यांनी तो कामावरच्या बायकांना देऊन टाकला. जरीचा धागा गुंतू नये म्हणून गुंडाळायला जाड कागद लागतोच.

मित्रांनो, बोलल्याशिवाय कार्ड देऊ नका आणि मिळालेलं कार्ड वाचल्याशिवाय ठेवू नका. प्रवीणभाईंची शिकवण खरी आहे. मी तिच्यात एवढीच भर घालतो: ज्या हातानं काम केलं, त्या हाताचं नावही विचारा. आणि तुमच्या घरात कार्ड छापायचं निघालं, तर पहिल्याच दिवशी भांडा. नंतर बाजार ऐकत नाही.

मी अजून झाकणात आहे. इथून समोरचं सगळं दिसतं. सहा बायका बसल्या आहेत आणि सातवी हर्षदा. तिनं तिच्याच नावाचं एक कार्ड उचललं आहे, आणि त्यावर लाल धागा गुंडाळते आहे. आधी नंबर झाकला गेला. आता नाव झाकलं जातंय.