गरीब गाईच्या गळ्यातला हॉर्न

मी हॉर्न बोलतोय. दचकू नका. कानांवर हात ठेवायचीही गरज नाही, माझा आवाज बसलाय. एके काळी माझ्या एका हाकेसरशी अख्खा रस्ता बाजूला व्हायचा. ही बढाई नव्हे. बढाई मारायला समोर आपल्या तोलामोलाचं कुणी असावं लागतं.

माझा जन्म कारखान्यातला. आम्हा भावंडांना लांब टेबलावर ओळीने मांडत आणि कानांत बोळे घातलेली एक बाई एकेकाला वाजवून बघे. माझी पाळी आली तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या साहेबाच्या हातातला चहा त्याच्या विजारीवर सांडला. "हा कुठंही गेला तरी उपाशी मरायचा नाही," बाई हसत म्हणाली. आवाज असला की जगात निभावतं, हे मी तिथेच शिकलो.

माझा पहिला मालक टॅक्सीवाला. माणूस हिरा! दिवा हिरवा व्हायच्या आत त्याचा अंगठा माझ्यावर. म्हातारी रस्ता ओलांडतेय, वाजव. कुत्रं झोपलंय, वाजव. बहिणीला खाली बोलवायचंय, तर जिने कोण चढणार, वाजव. पुढे गाड्या टोकापर्यंत तुंबलेल्या असल्या, मुंगी सरकायला जागा नसली, तरी तो मला वाजवत राही. त्याने रांग हलायची नाही, पण मागे बसलेल्या गिऱ्हाईकाला वाटायचं, चला, काहीतरी चाललंय. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंसुद्धा विकलं जात नाही, असं तो म्हणायचा. मला ते मनापासून पटायचं.

टॅक्सी भंगारात गेली आणि माझं नशीब फुटलं. मला एका बेकरीच्या गाडीत, पुढच्या जाळीमागे बसवलं. गाडीचा ड्रायव्हर म्हणजे गरीब गाय. सगळा बाजार त्याला याच नावाने ओळखायचा. आपल्या भाषेची गंमत बघा, खिशात काही नसलं तरी माणूस गरीब आणि तोंडात जीभ नसली तरी गरीबच.

या गाईने मला कधी म्हणून वाजवलं नाही. कुणी आडवी गाडी घातली तर म्हणायचा, "जाऊ दे, घाईत असेल बिचारा." अरे, बिचारा तो की तू? पोरंसोरं त्याच्या पुढे सायकली दामटायची आणि हा हसून हात दाखवायचा, जा बाबांनो. जाळीमागून मला हे सगळं दिसायचं आणि घशात काहीतरी दाटून यायचं. दिवसेंदिवस ते वाढतच गेलं. अपमानाचे घोट दुसरं काय असणार, असं मी समजत होतो.

रविवारी बेकरीच्या मालकीणबाईंच्या परवानगीने तो बायकोला गाडीतून चर्चमध्ये नेई. गाडी खिडकीखालीच उभी असल्यामुळे मलाही फुकटात उपदेश ऐकावा लागे. एकदा पाळक म्हणाले, सौम्य माणसांच्या वाट्याला सगळी पृथ्वी येणार आहे. मला हसू आवरेना. पृथ्वी राहू दे हो, याला बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही! पुढे म्हणाले, सौम्य म्हणजे दुबळा नव्हे, सौम्य म्हणजे लगाम घातलेला घोडा. असेल बुवा. मी काही घोडा पाहिलेला नव्हता, मी रोज गाढव बघत होतो.

त्याची बायको मात्र वेगळंच सांगायची. "पूर्वी तुम्ही ओरडायला लागलात की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे," परत येताना ती म्हणाली. "तोफ म्हणायचे तुम्हाला. माझी आई तर आपल्याकडे यायचीच बंद झाली होती."

"म्हणून तर सोडलं ना गं."

"सोडलंत ते बरंच केलंत. पण अहो, थोडं शिल्लक ठेवायचं होतंत. त्या सोफावाल्यासाठी तरी."

तोफ म्हणे! बायका नवऱ्याबद्दल काय काय सांगतात.

आता हा सोफावाला कोण, ते ऐका. आमचा पाव सकाळी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पोचवायचा असे. वाटेत एक चढाची गल्ली. त्या गल्लीत याचं फर्निचरचं दुकान, आणि नेमका आमच्या वेळेला याचा ट्रक गल्ली अडवून उभा. सोफावाल्याचा आवाज असा की ऐकत राहावं. मला तो मनापासून आवडायचा. आमची गाय खाली उतरून म्हणायची, "दादा, जरा ट्रक पुढं घेता का? पेशंट उपाशी आहेत."

"मी काय त्यांना उपाशी ठेवलंय?" सोफावाला खेकसायचा. "माल उतरल्याशिवाय ट्रक हलणार नाही."

यावर आमच्या शूरवीराने काय करावं? बाह्या सरसावल्या आणि सोफ्याचं एक टोक उचललं! लवकर उतरला की लवकर रस्ता मोकळा, हे त्याचं गणित. मग ते रोजचंच झालं. सोफावाल्याला फुकटचा हमाल मिळाला आणि बाजाराला करमणूक.

उशीर व्हायचा तो होतच राहिला. शेवटी रुग्णालयाने मालकीणबाईंना निरोप धाडला, पाव वेळेवर येणार नसेल तर दुसरी बेकरी बघतो. बाई तोंडाने फटकळ, पण खोट्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "तुमचा स्वभाव चांगला आहे, पण मी स्वभाव विकत नाही, पाव विकते. उद्या उशीर झाला तर चावी माझ्या हातात द्यायची."

"बरं," तो म्हणाला. नुसतं बरं! त्या वयात त्याला दुसरी गाडी कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरलो तर ट्रक हजर. मला आनंदच झाला. म्हटलं, आज तरी नाकातोंडात पाणी गेल्यावर हा हात मारेल, माझ्यावर मारेल. तो खाली उतरला, हात पुढे करून म्हणाला, "दादा, आज माझी नोकरी जाईल हो."

"मग जाऊ दे! आणि सोफ्याला हात लावायचा नाही, मागच्या वेळी कापड फाटलं. गप गाडीत जाऊन बसा."

आणि तो खरंच गप येऊन बसला. काय म्हणावं या माणसाला? शेपूट घालायला निदान शेपूट तरी लागतं.

सोफावाला ट्रकच्या मागे, ट्रककडे पाठ करून उभा राहिला आणि मान खाली घालून फोनवर कुणाला तरी झापू लागला. तेवढ्यात ट्रकच्या चाकामागे अडसर म्हणून लावलेली वीट फुटली. ट्रक उतारावरून मागे यायला लागला, हळू, आवाज न करता.

माझ्या मालकाने ते पाहिलं आणि मला दाबलं.

इतक्या वर्षांनी! सगळा जीव एकवटून मी ओरडलो. आणि आवाज निघाला तो असा: "फुस्स."

पुन्हा दाबलं. फुस्स.

मग त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तो ओरडला, "हटा!"

मी कारखान्यात शेकडो हॉर्न ऐकलेत. तसला आवाज ऐकला नाही. दुकानाच्या काचा थरथरल्या, वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. सोफावाल्याच्या हातातून फोन उडाला आणि तो भिंतीला जाऊन चिकटला. त्याच्या पोटासमोरून ट्रक गेला. आमच्या मागे बाजाराला निघालेल्या बायाबापड्या उभ्या होत्या, म्हणून माझ्या मालकाने गाडी मागे घेतली नाही. ब्रेकवर पाय दाबून तो बसून राहिला. ट्रक येऊन आदळला आणि थांबला. जाळी चेपली, मी मध्ये चिमटलो, पावाच्या पाट्या गडगडल्या.

सोफावाला पांढराफटक पडला होता. भिंत सोडून तो आमच्या खिडकीशी आला. "एवढा आवाज होता, तर इतके दिवस माझ्यावर ओरडला का नाहीत?"

माझा मालक कपाळावरचं रक्त पुसत म्हणाला, "तेव्हा नुसता माझा उशीर होत होता, दादा."

सोफावाल्याने मान खाली घातली. मी काही बोलायला गेलो असतो तरी फुस्सच निघालं असतं.

मालकीणबाई धापा टाकत आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आमच्या गाईने चावी काढून पुढे केली! मला लाज वाटली. पण सोफावाला मध्ये पडला. "बाई, मी आज यांच्यामुळे उभा आहे. पाव मी पोचवतो, रोज पोचवीन." त्या दिवशी रुग्णालयाचा पाव सोफ्यावर बसून गेला. बाईंनी चावीकडे पाहिलं, त्याच्या कपाळाकडे पाहिलं. "ठेवा तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "आणि आधी तो हॉर्न बदला."

गॅरेजमध्ये मेकॅनिकने मला काढून टेबलावर आपटलं. माझ्या घशातून मातीचा गोळा पडला. कुंभारमाशीने आत घर केलं होतं. इतकी वर्षं मी ज्याला गिळलेला अपमान म्हणत होतो, ती एका माशीची चिखलमाती होती.

"कधीपासून बंद होता?" मेकॅनिकने विचारलं.

"काय माहीत," मालक म्हणाला. "वाजवायचा नव्हता, पण वाजतो की नाही ते बघायला हवं होतं. चुकलंच माझं."

"नवा मोठ्या आवाजाचा बसवू?"

"वाजेल असा बसवा."

आता मी गॅरेजच्या कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात पडून आहे. माझा मालक हवा भरायला येतो तेव्हा आवारात कुणी नाही असं बघून नवा हॉर्न एकदा वाजवून पाहतो. बदकाच्या पिल्लासारखा आवाज आहे त्याचा. पण वाजतो, हे मान्य करायला हवं.

जाता जाता तुम्हालाही एक विनंती करतो, तुमची लायकी नसली तरी. अंगठा टेकवण्याआधी एवढंच बघा: समोरच्याचा जीव जातोय, की नुसता तुमचा उशीर होतोय? बघणार नाहीच तुम्ही. रस्त्यावरून तुमचे आवाज येतात ना इथे डब्यापर्यंत, मी दिवसभर ऐकत असतो.