शिसवी जिना

गावात एकाच रस्त्यावर तीन टोलेजंग घरं आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिघा भागीदारांनी इथे लाकूड कापायची गिरणी काढली, तिच्याभोवती गाव वाढलं आणि त्या कमाईतून ही घरं उभी राहिली. एका रविवारी ती लोकांना दाखवायचं ठरलं, तेव्हा मधल्या घरातल्या बाईंनी जिन्याला पॉलिश करायला माणूस बोलावला. बाई म्हणजे त्या भागीदारांपैकी एकाच्या नातसून, निवृत्त शिक्षिका.

पॉलिशवाल्याने तिसऱ्या पायरीवर थिनरचं फडकं फिरवलं आणि हात थांबवला. फडक्यावर काळ्या रेषा उतरल्या होत्या. खाली पांढरट, गाठींनी भरलेलं लाकूड दिसत होतं.

"बाई, हे शिसवी नाही. रेषा ब्रशने काढल्यात. खोकी करतात ना, ते लाकूड आहे."

बाईंचे दीर भडकले. आजोबांच्या शिसवी जिन्याचं कौतुक ते जन्मभर सांगत आले होते. "तुझं थिनरच भेसळीचं असेल!" म्हणत त्यांनी फडकं हिसकावलं आणि चौथी पायरी स्वतः पुसली. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"रविवारच्या आत रंगवून टाक. कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. "आणि सासूबाईंनाही कळलं असणार. जिन्याला ओलं फडकं लावलं की अंगावर धावून यायच्या. मला वाटायचं, सुनेला धाकात ठेवतायत!" आणि त्या पायरीवर बसून हसतच सुटल्या.

"तसं रंगवणं मला जमणारही नाही," पॉलिशवाला म्हणाला. "ज्याने काढलं त्याचा हात निराळाच होता." दोन पायऱ्या उघड्याच राहिल्या.

रविवारी दीर फिरकणार नाहीत असं बाईंनी गृहीत धरलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. कोणीतरी विचारलं, "हे डाग कसले?" बाई तोंड उघडणार, तोच दीर म्हणाले, "डाग नाहीत हो. आजोबांनी चांगला माल गिऱ्हाइकांना दिला, स्वतःच्या घराला उरलंसुरलं वापरलं. असा माणूस दाखवा मला!"

दुपारपर्यंत त्यांनी हे पन्नासेक जणांना ऐकवलं. दर खेपेला आजोबा थोडे मोठे होत गेले.

"एवढे काही संत नव्हते ते," बाई घरं बघायला आलेल्या पॉलिशवाल्याच्या कानाशी पुटपुटल्या, पण दिरांना त्यांनी अडवलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या घराचे मालक पॉलिशवाल्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उद्या आमचाही जिना बघून जाशील?"

"बघून काय करणार, साहेब?"

मालकांनी एकदा आपल्या घराकडे पाहिलं. "तेही खरंच," म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.